रंगाचा रकाना

नकाशेवाल्यांच्या वहीत सहा रकाने होते. झाडाचा नंबर, तारीख, सुरईची उंची, पोटाचा घेर, काठाची रुंदी आणि शेवटी रंग. पहिले पाच रकाने त्यांच्या स्वतःच्या मोजणीचे. सहावा काकूंच्या तोंडचा.

ज्यांनी घटपर्णी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, नाहीतर नमनालाच घडाभर तेल जायचं. ही एक वेल असते. पानाच्या टोकाला बारीक ताणा फुटतो, ताण्याच्या टोकाला सुरई फुगते, सुरईवर झाकण असतं आणि आत पाणी. किडा काठावर येतो, घसरतो आणि झाडाच्या जेवणाची सोय होते. घरी आलेले पाहुणे एवढंच विचारतात, की हे खरंच माशी खातं का. खातं म्हटलं की ते चहाकडे वळतात. सुरया किती तऱ्हेच्या, कुणाची मान बारीक, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाला पुढून झालर, याची कुणाला पडलेली नसते. नकाशेवाल्यांना पडली होती. काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत त्यांची एक्केचाळीस झाडं टांगलेली होती, आणि प्रत्येक नव्या सुरईची मोजणी वहीत चढत होती.

नकाशेवाले हे त्यांना मंडळानं दिलेलं नाव. घटपर्णी लावणाऱ्यांचं एक मंडळ होतं, गावोगावचे चाळीसेक सभासद, बहुतेक व्यवहार पत्रांनी. हा गृहस्थ एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढायचा, फोटो काढणं त्याला कमीपणाचं वाटायचं, म्हणून पत्रासोबत सुरईचं शाईनं काढलेलं चित्र जायचं, मापांसकट. चित्र इतकं नेमकं, की त्यावरून कुंभारानं सुरई घडवावी.

काकू म्हणजे त्यांची बायको. त्या शिवणसामानाच्या दुकानात काम करत. दोरे, गुंड्या, चेन, अस्तर. दुकानातले सगळे त्यांना काकू म्हणत, म्हणून आपणही काकूच म्हणू. मागच्या फळ्यांवर सहाशे रंगांची रिळं होती आणि प्रत्येकाला नंबर होता. गिऱ्हाईक हातात चिंधी घेऊन येई. काकू त्या चिंधीकडे एकदा बघत, वळत आणि बरोबर ते रीळ काढत. मालकाला सवय झाली होती, नवं गिऱ्हाईक "जरा उन्हात नेऊन बघू का" म्हणालं, की तोच सांगे, "बघा खुशाल. तेवढाच व्यायाम."

आता या दोघांची गाठ ज्यानं मारली त्याला विनोदाची चांगली जाण असावी, कारण नकाशेवाले रंगांधळे होते. लाल आणि हिरवं त्यांना एकाच मातकट रंगाचं दिसे. तरुणपणी कचेरीत त्यांनी एका नकाशात बागेला विटकरी रंग दिला आणि विटांच्या भिंतीला हिरवा. साहेबांनी तो नकाशा आठवडाभर भिंतीवर लावून ठेवला, आणि पुढची पाच वर्षं सगळी कचेरी त्यांना इंद्रधनुष्य म्हणत होती. त्यानंतर त्यांनी रंगाच्या वाटेला जायचं सोडलं, फक्त काळ्या रेघा. लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ही गोष्ट काकूंना सांगितली, आणि हे बाहेर कुठे बोलायचं नाही असंही सांगितलं. काकू बोलल्या नाहीत. मंडळात कुणाला याचा पत्ता नव्हता. उलट मंडळात त्यांच्या रंगाच्या नोंदीचाच दबदबा होता, कारण बाकीचे लोक "तांबूस" किंवा "जांभळट" असं काहीतरी मोघम लिहीत आणि नकाशेवाले रिळाचा नंबर देत.

सकाळी दुकानाला निघण्याआधीची दहा मिनिटं त्यासाठी ठेवलेली. काकू चहाचा कप घेऊन गॅलरीत उभ्या राहत. नकाशेवाले कुंडी फिरवून उजेडाकडे करत.

"अकरा नंबर."

"अंजिरी. दोनशे चार."

"काठ?"

"काठावर पट्टे आहेत. एक आमसुली, एक बदामी. आमसुली दोनशे नव्वद, बदामी साठ."

संध्याकाळी काकू त्या त्या रिळाचा इंचभर दोरा घेऊन येत आणि नकाशेवाले तो वहीत नोंदीशेजारी डिंकानं चिकटवत. दोरा त्यांना काही सांगत नसे, पण चिकटवताना मात्र ते असे जपून चिकटवत की काकूंना हसू येई. बाकी त्यांचा संसार तसा अबोलच. काय भाजी आणू, बिल भरलं का, फोन कुणाचा होता, यापलीकडे फारसं काही नाही. पण त्या दहा मिनिटांत काकूंचं बोलणं कुणीतरी टिपून घेत होतं, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. दुकानात त्या दिवसाला शंभर रंग ओळखत. ते कुणी लिहून ठेवत नव्हतं.

खोटं बोलल्या त्या तेवीस नंबरच्या वेळी.

तेवीस नंबर बियाण्यातून आली होती. आई लाल, बाप लाल, दोन्ही मंडळातल्या नावाजलेल्या घरांतले. मोहरीहून बारीक बी, तीन वर्षं फवारे मारून, कुंडीतलं शेवाळ बदलून, फिल्टरचं पाणी घालून त्यातलं एकच रोप जगलं. आणि त्याची पहिली धड सुरई ज्या आठवड्यात उघडली, त्याच आठवड्यात कचेरीनं नकाशेवाल्यांना घरी बसवलं. नकाशे आता कॉम्प्युटर काढणार होता. निरोपाला एक घड्याळ दिलं, तेही चालत नव्हतं. नकाशेवाले घरी आले, कपडे बदलले आणि थेट गॅलरीत गेले. झाकण उघडलेलं होतं. त्यांनी काकूंना दुकानातून बोलावून घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा.

काकू आल्या तेव्हा ते वही उघडून, पेन्सिल टेकवून उभे होते. पाच रकाने भरलेले. घेर असा, की तोवर मंडळात कुणाकडे झाला नव्हता. बारीक मान, आणि काठ बाहेर वळलेला. आकार खरंच देखणा होता.

"सांग."

सुरई हिरवी होती. पोपटी नाही, मेंदी नाही, कौतुकानं नाव घ्यावं असं काहीच नाही. चारचौघांसारखी हिरवी. काकूंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडून शब्द गेला.

"डाळिंबी. तीनशे अठरा."

नकाशेवाले हसले. तीनदा पेन्सिल फिरवून त्यांनी ते ठळक केलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी तीनशे अठराचा इंचभर दोरा आणून दिला. त्या वेळी त्यांना फार काही वाईट वाटलं नाही, हे सांगायला हवं. आजारी माणसाला ताप उतरलाय म्हणावं, तेवढंच वाटलं.

पुढे सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात तसं झालं, आणि तेही इंचभर सुतावरून. मंडळानं झाडाला नावच दिलं, डाळिंबी तेवीस. सभासद कटिंग मागू लागले. नकाशेवाल्यांनी चौघांना पाठवली: दातांच्या एका डॉक्टरांना, एकत्र राहणाऱ्या दोन नर्स बहिणींना, मंडळाच्या चिटणीसबाईंना आणि शाळेची बस चालवणाऱ्या एका ड्रायव्हरना. वर्षभरानं एकेकाचं पत्र आलं. आकार अगदी चित्रातल्यासारखा, पण रंग हिरवा.

असल्या वेळी दुसरा कुणी म्हणाला असता की मूळ झाडच हिरवं असेल. पण घटपर्णीवाल्यांची एक पक्की समजूत असते आणि ती बव्हंशी खरीही असते, की रंग उजेडावर असतो. उजेड कमी तर सुरई फिकी. त्यामुळे चौघांनीही पत्राच्या शेवटी स्वतःलाच दोष दिला. नकाशेवाल्यांनी उलट टपाली सविस्तर उत्तरं धाडली: सकाळचं ऊन चार तास, खत बंद, कुंडी भिंतीपासून हातभर पुढे. डॉक्टरांनी दवाखान्यातला तोंडात बघायचा जुना दिवा झाडावर लावला. बहिणींनी खिडकीसमोरचं कपाट हलवलं. ड्रायव्हर भाबडा माणूस, त्यानं झाड सरळ बसच्या टपावर ठेवलं, रोज दुपारभर. महिन्याभरात पानं कागदासारखी झाली आणि झाड गेलं. त्याचं पत्र काकूंनीच वाचून दाखवलं. "माझ्याच हाताला यश नाही," असं त्यानं लिहिलं होतं. त्या रात्री काकूंना जेवण गेलं नाही, आणि पित्त झालंय असं त्यांनी सांगितलं.

एकदा खरं सांगावं, असं त्यांच्या मनात अनेकदा आलं. पण खोट्याला वय झालं की ते घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं होतं, त्याला ऊठ म्हणता येत नाही. शिवाय नव्या सुरया येत होत्या, आणि प्रत्येक वेळी काकूंना पुन्हा "डाळिंबी" म्हणावं लागत होतं. त्यातही दुकानदारी स्वभाव, त्या अधूनमधून थोडा बदल करत. एकदा तीनशे सोळा, एकदा तीनशे वीस. नाहीतर संशय येईल. संशय कुणाला येणार होता, कुणास ठाऊक. चोराच्या मनात चांदणं.

अकराव्या वर्षी चिटणीसबाईंचं पत्र आलं. मंडळाची दरवर्षी एक जुळवणी होत असे. एकाच नावाची झाडं वेगवेगळ्या घरांतून आणायची, एका टेबलावर ओळीनं ठेवायची आणि रंग-आकार ताडून बघायचे. यंदाच्या जुळवणीला डाळिंबी तेवीस निवडली होती. नकाशेवाल्यांनी मूळ झाड आणावं. सगळे उत्सुक आहेत, शेवटी खरा रंग डोळ्यांनी बघायला मिळेल. सभा वाचनालयाच्या वरच्या खोलीत, पुढच्या रविवारी.

नकाशेवाल्यांनी पत्र दोनदा वाचून घेतलं. मग ते झाडासाठी खोका तयार करायला बसले. पुठ्ठ्याला आतून खाचा, कुंडी हलू नये म्हणून पट्ट्या, सुरयांना लोंबायला जागा.

काकूंपुढे प्रश्न साधा होता. गप्प राहावं, तर हा माणूस चाळीस लोकांसमोर हिरवं झाड लाल म्हणून मांडणार. बोलावं, तर निदान घरात बोलता येईल. आठ दिवसांपैकी सहा त्यांनी योग्य वेळ शोधण्यात घालवले. दुकानात त्यांनी एका बाईला मोरपंखीऐवजी चक्क शेवाळी रीळ दिलं. मालकानं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

शनिवारी दुपारी नकाशेवाले झाडाची चिठ्ठी लिहीत होते. नाव, वय, मापं. शेवटच्या ओळीला त्यांनी वही पुढे ओढली आणि तीनशे अठराचा दोरा सोडवू लागले, चिठ्ठीवर लावायला.

"अहो, तो लावू नका."

"का? सुटतोय की नीट."

"ते झाड हिरवं आहे."

नकाशेवाल्यांनी झाडाकडे बघितलं, काही उपयोग नसताना. "वरच्या सुरया फिक्या असतातच," ते म्हणाले.

"वरच्या नाही, सगळ्या. पहिल्यापासून. मी डाळिंबी म्हणाले ते खोटं होतं."

रस्त्यावरून कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिपाणी वाजत राहिली. ती थांबल्यावर नकाशेवाल्यांनी पेन्सिल उचलली.

"मग नंबर काय?"

"एकशे सात."

त्यांनी वहीत शोधून शोधून तेविसाची प्रत्येक नोंद काढली. अकरा वर्षांत सदतीस सुरया झाल्या होत्या. सदतीस ठिकाणी त्यांनी पट्टी धरून रेघ मारली आणि वर एकशे सात लिहिलं. मग पेन्सिल खाली ठेवली.

"का?"

"कचेरीनं घरी बसवलं होतं तुम्हाला. तीन वर्षं वाट बघितली होती तुम्ही लालची."

"मला दोन्ही सारखंच दिसतं," नकाशेवाले म्हणाले. "लाल असो, हिरवं असो, मला त्याचा काय उपयोग? मला फक्त आहे ते हवं होतं."

इतका साधा मुद्दा अकरा वर्षांत आपल्या डोक्यात आला नाही, याचंच काकूंना नवल वाटलं.

नकाशेवाले उठले, गॅलरीत गेले आणि पहिल्या कुंडीवर बोट ठेवलं. "ही?"

"तपकिरी. एकशे ऐंशी. वहीत आहे तेच."

"ही?"

"लिंबू कलर, काठ विटकरी. वहीत आहे तेच. अहो, बाकी सगळं खरं आहे. एक तेवीस सोडून एकही..."

"ही?"

एक्केचाळीस कुंड्या झाल्या. काकूंनी प्रत्येकीचा रंग सांगितला आणि प्रत्येक वेळी तो वहीशी जुळला. जुळणारच होता. नकाशेवाल्यांनी प्रत्येक नोंदीपुढे फिकट, अगदी बारीक प्रश्नचिन्ह काढलं. रागानं नाही; ज्या मापाची खात्री नाही त्यापुढे असं चिन्ह करायची त्यांची कचेरीतली पद्धतच होती. काकूंना मात्र त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

रविवारी दोघं मिळून गेले. खोका नकाशेवाल्यांच्या हातात, पिशवी काकूंच्या. खोली लांबट होती, खुर्च्या भिंतीला लावलेल्या, मधल्या टेबलावर पांढरा कागद अंथरलेला. डॉक्टरांचं झाड, बहिणींचं झाड, चिटणीसबाईंचं झाड, तिन्ही ओळीत उभी होती. ड्रायव्हर रिकाम्या हातानं आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. नकाशेवाल्यांनी खोका उघडला आणि मूळ झाड ओळीच्या शेवटी ठेवलं.

चार झाडं, एक आकार, एक रंग. इतकी चोख जुळवणी मंडळाच्या इतिहासात झाली नसेल.

सगळ्यांनी झाडं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग डॉक्टर छताकडे बघून म्हणाले, "इथला ट्यूबलाइट वाईट आहे. या उजेडात सगळं हिरवंच दिसतं."

"प्रवासात रंग उतरतो कधीकधी," धाकटी नर्स म्हणाली.

थोरलीनं चष्मा सरसावला. "काठाला आहे हं लाली. नीट बघा, आहे."

चार-पाच जण वाकले आणि त्यांना लाली दिसूही लागली. काकू भिंतीशी उभ्या होत्या. अजून वेळ होता. हे लोक इतके भले होते, की नकाशेवाले गप्प राहिले असते तर त्यांनीच मिळून ते झाड लाल करून दिलं असतं.

"लाली नाही," नकाशेवाले म्हणाले. "ती हिरवीच आहे. पहिल्या सुरईपासून हिरवी आहे. नोंद चुकीची होती." मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. "मला लाल-हिरवं कळत नाही. जन्मापासून. मंडळाला हे आधी सांगायला हवं होतं."

तीस वर्षं जपलेली गोष्ट त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकली. कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आकार काही खोटा नाही, आकार मंडळात पहिल्या नंबरचा आहे, असं तिघाचौघांनी सांगितलं. काकूंना वाटलं, आता आपलं नाव येईल. यावं असंही वाटलं.

चिटणीसबाईंच्या हातात मंडळाची मोठी यादी होती, नकाशेवाल्यांची पानं उघडलेली. बाई सज्जन होत्या, पण कामाला चोख. "मग बाकीच्या चाळीस झाडांचं काय?" त्यांनी विचारलं. "त्यांचे रिळांचे नंबर? ते कुणी सांगितले?"

नकाशेवाल्यांनी टेबलावरचे हात काढले. "कुणी नाही," ते म्हणाले. "घरात रिळं पडलेली असतात. मीच अंदाजानं लिहीत होतो."

"अरेरे," चिटणीसबाई म्हणाल्या. "मग रंगाचा रकाना सगळाच काढावा लागेल."

त्यांनी पट्टी घेतली आणि पहिल्या पानावर वरपासून खालपर्यंत उभी रेघ ओढली. पान उलटलं, दुसरी ओढली. अंजिरी दोनशे चार गेली, आमसुली दोनशे नव्वद गेली, तपकिरी, बदामी, विटकरी, सगळे बरोबर असलेले नंबर एकामागून एक गेले. काकूंनी बोलायला तोंड उघडलं. ते खरे आहेत म्हणायचं, तर कुणी सांगितले ते म्हणावं लागणार. ते म्हणायचं, तर तेवीसही कुणी सांगितली ते निघणार, आणि नवरा आत्ता चारचौघांत जे बोलला ते खोटं ठरणार. त्यांनी तोंड मिटलं. नवऱ्यानं आपल्याला वाचवलं की वहीतून काढून टाकलं, हे त्यांना ठरवता येईना, आणि ते नवऱ्याला विचारताही येणार नव्हतं.

चहाचे कप फिरू लागले. ड्रायव्हर काकूंच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या मनात काही नव्हतं, खरंच कुतूहल होतं.

"वहिनी, तुम्ही दोऱ्यांच्या दुकानात असता ना? रंग तुमच्या हातातले. इतक्या वर्षांत तुम्हाला कधी दिसलं नाही होय, ते झाड हिरवं आहे म्हणून?"

टेबलाशी नकाशेवाले डॉक्टरांच्या सुरईला फीत गुंडाळून घेर मोजत होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं नाही.

"नाही हो," काकू म्हणाल्या. "मी त्यांच्या झाडांकडे कधी बघतच नाही."